घेऊन जा गे मारबत, हे यूएसबीचं खोटं!

"मशीनला यूएसबी आहे ना? मग बीट कॉम्प्युटरात टाकायला किती वेळ लागते?" सॅम्पलरवर, म्हणजे आवाजांचे तुकडे पॅडवर लावून वाजवायच्या मशीनवर, बीट (गाण्याचा ठेका) बनवणाऱ्याला नागपुरातल्या कुठल्याही छोट्या स्टुडिओत हा प्रश्न ठरलेला. वर हुकूम, "संध्याकाळपर्यंत स्टेम्स पाठव," म्हणजे प्रत्येक आवाजाचा वेगळा ट्रॅक. गाणारा विचारतो, पैसे देणारा विचारतो, आणि कहर म्हणजे मिक्स करणाराही विचारतो, ज्याला हे कळायलाच पाहिजे! नाही होत तसं, राजेहो. फाइल उचलली म्हणजे बीट उचलला असं होत नाही.

रोलँडची एसपी-४०४एसएक्स घ्या, आपल्याकडे सेकंडहँडमध्ये फिरणारी मशीन. तिचं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं की 'ए'च्या पुढे सात आकडे, 'बी'च्या पुढे सात आकडे अशा नावांच्या वेव्ह फायली दिसतात. कुठली किक (ड्रमचा जड ठोका), कुठला टाळीचा आवाज, नावावरून काही कळत नाही. पॅडवर घासूनपुसून लावलेले सुरुवात-शेवटाचे मार्क आणि व्हॉल्यूम त्या वेव्हमध्ये नसतातच, ते वेगळ्या फाइलीत. म्हणजे मार्कबाहेरचा भाग कापून (ट्रंकेट) टाकला नसेल तर अर्ध्या सेकंदाच्या किकच्या जागी अख्खा चाळीस सेकंदांचा तुकडा हातात येतो. इफेक्ट तर नाहीच. आणि खुद्द पॅटर्न, म्हणजे कुठला पॅड केव्हा वाजतो ती नोंद? तो मशीनच्या स्वतःच्या बिन फाइलीत. सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाका, काहीही होत नाही. मिडीवरून, म्हणजे आवाज नाही तर सुरांची नोंद पाठवणाऱ्या जोडणीवरून, सुरावट बाहेर काढू म्हणाल, तर मागे फक्त मिडी इन आहे. आउट दिलेलाच नाही! बीटचा जीव ज्या पॅटर्नमध्ये आहे, त्यालाच बाहेर पडायला दार ठेवलं नाही. संताप येणार नाही तर काय?

मग उरतो एकच रस्ता, लाइन आउटमधून रिअल टाइममध्ये रेकॉर्डिंग. आउट दोनच, डावा आणि उजवा. सगळं एकत्र रेकॉर्ड केलं तर किक आणि बास कायमचे चिकटले. वेगळे हवेत तर पॅटर्नच्या कॉप्या करायच्या, प्रत्येक कॉपीत एक पॅड ठेवून बाकीचे खोडायचे, आणि एकेक चालवायची. १२ पॅड, ४ मिनिटांचं गाणं, झाली ४८ मिनिटं, तीही एकही टेक फसला नाही तर. प्रत्येक टेकच्या आधी एक रिकामा बार (चार ठोक्यांचं आवर्तन) ठेवून त्याच्या पहिल्या ठोक्यावर रिमशॉट (काडीचा टोकदार ठोका) टाका, नाहीतर नंतर ट्रॅक जुळवताना डोळे फुटतील. शिवाय मास्टरवर, म्हणजे सगळ्या आवाजांवर मिळून, कंप्रेशन असेल तर किक पडली की बाकी आवाज दबण्याची जी मजा असते, ती पॅड एकटा वाजवला की गायब. म्हणून सगळ्या इफेक्टसह एक पूर्ण मिक्सही रेकॉर्ड करून द्यायचाच. पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, -१२ ते -६ डीबीच्या मध्ये, २४ बिट, इनपुट लाइनवर, माइक प्रीअँपवर नाही.

आता टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती ठोके. स्क्रीनवर ९२ दिसतं म्हणून प्रोजेक्ट ९२ वर ठेवला, आणि मशीन खरं ९२.१ ने पळत असेल, तर ६४ बारनंतर फरक १८० मिलिसेकंदांचा. ठोका सरळसरळ फाटतो. पहिल्या ठोक्यापासून ६५व्या बारच्या पहिल्या ठोक्यापर्यंतचे सेकंद मोजा, १५३६० ला (६४ बारचे २५६ ठोके गुणिले ६०) त्याने भागा, येईल तो खरा टेम्पो. एवढा एक भागाकार करायला कोणी तयार नाही! त्यापेक्षा एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, तिथे लांब ऑडिओ आपोआप वार्प होतो, म्हणजे टेम्पोला जुळवून ताणला जातो, आणि ठोक्यांची टोकं बोथट होतात. सेटिंग्जमध्ये ते बंद करायचं असतं, आधी, नंतर नाही.

याहून वाईट म्हणजे क्वांटाइझ, ठोके ओढून ग्रिडच्या सरळ रेघांवर बसवणं. ९६ च्या टेम्पोत ५८ टक्के स्विंग म्हणजे दर दुसरा सोळांश ठोका २५ मिलिसेकंद उशिरा. तो उशीर चूक नाही, तोच बीट आहे! "ऑफ होता, ग्रिडवर बसवून दिला" म्हणून फाइल परत येते तेव्हा डोकं भणभणते. कोणी सांगितलं होतं बसवायला?

नव्या मॉडेलवाल्यांनी, म्हणजे ४०४ एमके टूवाल्यांनीही हसू नये. तिथे यूएसबी ऑडिओ आहे, पण मशीन ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर चालते. फाइल न बदलता ४४.१ समजून वाजली तर ९६ चा बीट ८८.२ वर येतो आणि सूर जवळजवळ दीड सेमीटोन खाली. मग गायकाला स्केल जुळत नाही आणि शिव्या बीटवाल्याला.

आणि हम, विजेची गुणगुण!  उन्हाळ्यात त्याच बोर्डावर कूलर, त्याच बोर्डावर लॅपटॉपचा चार्जर, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत, आणि रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण. त्यावर सल्ला काय? "अर्थिंगची पिन तोडून टाक." अरे, जीव जाईल कोणाचा! हा सल्ला देणाऱ्याला स्टुडिओत पाय ठेवू देऊ नये. एसएक्स ६ डबल-ए सेलवर चालते; सेल टाका, अडॅप्टर काढा, लॅपटॉप बॅटरीवर घ्या. तरीही गुणगुण राहिली तर ऑडिओच्या लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. कूलर वेगळ्या लाइनवर, नाहीतर तेवढा वेळ बंद. पंप चालू-बंद होताना टिचकी बसते ती ट्रॅकमधून निघत नाही. "मिक्समध्ये काढून घेऊ" हेही नको. किकचा तळ तिथेच ५०-६० हर्ट्झला असतो. गुणगुण कापाल तर किक पोकळ होईल.

स्टेम्स हवेत तर एक अख्खा दिवस द्या, सॅम्पल रेट आधी सांगा, आणि आलेल्या ट्रॅकचा एकही ठोका विचारल्याशिवाय हलवू नका.