त्या ताऱ्यावर शौर्यच कोरलेले आहे

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून संग्रहालयातल्या एका आठ टोकांच्या ताऱ्याचा फोटो फिरतो आहे. खाली मजकूर : ‘इंग्रजांनी १९११पर्यंत हिंदी शिपायाला शौर्यपदक दिलेच नाही. हा तारा इमानी नोकरीचा, तोही व्हिक्टोरिया क्रॉसची नक्कल.’ वाचून वाईट वाटले, म्हणून लिहितो.

आधी फोटो मोठा करून पाहा. निळ्या मिन्यावर तलवारींची फुली, भोवती ‘रिवॉर्ड ऑफ व्हॅलर’, म्हणजे शौर्याचे बक्षीस. ही ‘ऑर्डर ऑफ मेरिट’, ईस्ट इंडिया कंपनीने १८३७मध्ये काढलेली. दीर्घ, इमानी नोकरीसाठी ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा निराळा किताब होता. तोही १८३७चाच, गल्लत तिथे होत असावी. पण तो सुभेदार-जमादार अशा हिंदी अधिकाऱ्यांचा. हा तारा साध्या शिपायालाही मिळे, आणि पराक्रमाशिवाय नाही.

नक्कल? व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, १८५६चा, या ताऱ्याहून १९ वर्षांनी धाकटा. ‘ऑर्डर ऑफ मेरिट’च्या नावाला ‘इंडियन’ हा शब्द मात्र १९०२मध्ये जोडला, कारण त्या वर्षी एडवर्ड राजाने त्याच नावाचा दुसरा किताब काढला.

१९११चे म्हणणे अर्धे खरे आहे. २ डिसेंबरला राजा पंचम जॉर्ज आपल्या अपोलो बंदरावर उतरला, त्याचीच आठवण म्हणून गेटवे उभा आहे. १० दिवसांनी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांना खुला झाला. तोवर एकाच लढाईत लढलेल्या गोऱ्याला एक पदक, आपल्याला दुसरे. हा अन्याय होताच, त्याचा राग मलाही येतो. पण त्या रागात आधीच्या माणसांचे शौर्य का पुसायचे? १२ सप्टेंबर १८९७ला वायव्य सरहद्दीवरच्या सारागढीच्या चौकीत लढताना पडलेल्या २१ शीख सैनिकांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’चाच मान मिळाला, तिसऱ्या वर्गाचा. मूळ नियमांत वर्ग तीन होते. तिसऱ्याला पगाराच्या एक तृतीयांश जादा भत्ता, दुसऱ्याला दोन तृतीयांश, पहिल्याला दुप्पट पगार. वरचा वर्ग हवा तर खालचा आधी कमावलेला लागे. म्हणजे छातीवर पहिल्या वर्गाचा सोन्याचा तारा असलेल्या माणसाने तीनदा जीव पणाला लावलेला असे.

फोटो पुढे पाठवायचाच असेल तर खाली १८३७ लिहा, आणि ताऱ्यावरची अक्षरे वाचता येतील एवढा मोठा पाठवा.