‘नव्या सोशल मीडियाला आता जागाच नाही’ म्हणे!

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. म्हणे, नवा सोशल मीडिया कोणीही आणला तरी तो आपटणारच. कारणं तीन: गूगललाही जमलं नाही, लोक जुनी जागा सोडत नाहीत, आणि आले तरी टिकत नाहीत.

पहिलं कारण ऐकायला बिनतोड वाटतं. पण २०११ ते २०१९ या काळात गूगल प्लसचं झालं काय? जीमेल, यूट्यूबच्या जोरावर खाती कोट्यवधी झाली आणि २०१८ मध्ये कंपनीनेच कबूल केलं, की ९० टक्के वेळा माणूस तिथे ५ सेकंदही थांबत नाही. लोक आलेच नव्हते, त्यांची नावं तेवढी पटावर चढली होती. फेसबुकची सुरुवात नेमकी उलटी. २००४ मध्ये ते फक्त हार्वर्डच्या मुलांसाठी होतं, मग एकेक कॉलेज. बाहेरच्याला त्यात काहीच नव्हतं; आतल्याला मात्र रोजच्या ओळखीची सगळी टोळी तिथे सापडायची. मला विचाराल तर खरी मेख इथेच आहे. वापरणाऱ्याला अख्खं जग नको असतं, आपल्या पोस्टला उत्तर देणारी वीस-पंचवीस माणसं पुरतात. डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲपही २०१५ मध्ये निघालं ते गेम खेळणाऱ्यांच्या टोळक्यांसाठी.

दुसरं कारण लगेच निकालात निघतं. फेसबुकआधी गाजलेलं मायस्पेस २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरच्या सौद्यात विकलं गेलं, २०११ मध्ये सुमारे साडेतीन कोटींत. तिथली गर्दी काय हवेत विरली? शिवाय नवं घ्यायला जुनं सोडावंच लागतं असंही नाही. एका फोनवर चार ॲप सुखाने नांदतात.

तिसऱ्यात मात्र तथ्य आहे. २०२३ मध्ये इन्स्टाग्रामवाल्यांच्याच थ्रेड्स या नव्या ॲपवर ५ दिवसांत १० कोटी लोक आले आणि महिन्याभरात निम्म्याहून जास्त पांगले. तरी पुढे ते पुन्हा वाढलं, कारण पाठीशी इन्स्टाग्राम होतं आणि वाट पाहण्याइतका पैसा. क्लबहाउस या नुसत्या आवाजी गप्पांच्या ॲपकडे पैसा होता, पण पाठीशी असं मोठं ॲप नव्हतं. टाळेबंदीत लोक तिथे तासन्‌तास बोलले, दारं उघडताच आपापल्या कामाला लागले.

नवख्यांची खरी अडचण त्या मजकुरात आलीच नाही. जाहिरातींचं गणित प्रचंड संख्येवर चालतं; काही हजार बोलकी माणसं जमली तरी सर्व्हरचा खर्च निघेलच असं नाही. हे लिहिलं असतं, तर मी वाद घातला नसता.