डोळा लागला की शपथविधी

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची, झोप २३ नोव्हेंबर २०१९ रोजी गेली ती गेलीच. आदल्या रात्री 'तीन पक्षांचं ठरलं, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे' एवढं ऐकून, एकदाचं काहीतरी ठरलं म्हणून ते निवांत घोरत पडले. सकाळी चहाबरोबर पेपर उघडला, तर त्यातही तेच. आणि समोर टीव्हीवर राजभवनात देवेंद्र फडणवीस शपथ घेत होते, मागोमाग अजित पवार. नाना एकदा मांडीवरच्या पेपरकडे बघत, एकदा टीव्हीकडे. पेपरवरची तारीख तपासली. चष्मा पुसला. राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली हे कळल्यावर मात्र ते खरे हळहळले, कारण त्या सुमाराला ते जागे होते. बाथरूमला उठले होते आणि टीव्ही न लावता परत येऊन आडवे झाले होते. "पाच मिनिटं बसलो असतो तर..." असं ते अजून म्हणतात. बसले असते तर काय झालं असतं, राज्यपालांनी त्यांना विचारून सही केली असती का, हे विचारायची सुनेला सोय नाही.

ते सरकार २६ तारखेला गेलं, २८ ला शिवाजी पार्कवर दुसरा शपथविधी झाला. पण नानांचा सिद्धांत तयार झाला तो झालाच: आपला डोळा लागला की शपथविधी होतो.

पुढच्या काळाने या सिद्धांताला भरपूर पुरावे दिले. जून २०२२ मध्ये विधान परिषदेचा निकाल रात्री उशिरा लागला, नाना कंटाळून झोपले, सकाळी उठून बघतात तर एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेत. मग गुवाहाटी. २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरेंचा राजीनामा. ३० तारखेला दुपारच्या चहाला फडणवीस म्हणाले, मुख्यमंत्री शिंदे होतील, मी बाहेर राहीन. आणि देवापुढे दिवा लागेपर्यंत ते उपमुख्यमंत्री झाले होते. नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. गाडी उशिरा सुटली तरी चालेल, पण फलाटावर लागलेली गाडी पाटी बदलून भलत्याच गावाला निघाली तर त्या माणसाने काय करायचं?

तोवर रात्रीच गेल्या होत्या. दुपार शाबूत होती. तीही २ जुलै २०२३ ला गेली. रविवार, मटण झालेलं, नाना वामकुक्षीला कलंडले, आणि अडीचच्या सुमाराला पुण्याहून भावजींचा फोन: "नाना, टीव्ही लावा. अजितदादांनी शपथ घेतली." नाना उठून बसले आणि घरातल्या माणसांकडे अशा नजरेने बघायला लागले, जणू आम्हीच मटणातून काहीतरी घातलं होतं.

नाना कोणत्या पक्षाचे, हे सांगितलं तर निम्मे वाचक इथेच उठून जातील. एवढंच सांगते की पूर्वी त्यांचा एक पक्ष होता, आता त्याचे दोन झालेत आणि नाना दोघांवरही चिडलेले आहेत. एकावर गेला म्हणून, दुसऱ्यावर जाऊ दिलं म्हणून. आमचे हे तिसऱ्या पक्षाचे, भावजी चौथ्या. सासूबाई मत गुप्त ठेवतात. पन्नास वर्षांच्या संसारात नानांना ते काढून घेता आलेलं नाही, आणि घरात रोज रात्री गाढ झोपणाऱ्या त्या एकट्याच आहेत.

यातून माणूस शहाणा होतो हे खरं. प्रतोद, गटनेता, पक्षादेश, पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट हे शब्द नानांना पाठ झाले. भाजीवाल्या मावशींना ते दुधाच्या बिलाच्या पाठीवर आकडेमोड करून दाखवत: शिवसेनेच्या ५५ आमदारांचे दोन तृतीयांश म्हणजे ३७, राष्ट्रवादीच्या ५४ चे ३६. "पण दोन तृतीयांश गेले तरी नुसतं जाऊन भागत नाही, विलीन व्हावं लागतं!" मावशी म्हणायच्या, "मग मेथी दोन जुड्या देऊ का तीन?"

पण रक्तदाबाला दहावं परिशिष्ट कळत नाही. वरचा आकडा १७० च्या पुढे गेला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, बातम्या कमी करायला सांगितलं आणि मोकळ्या हवेत जात जा म्हणाले. मीठ नानांनी त्याच दिवशी सोडलं. बातम्यांचं नाव काढलं की म्हणत, "मिठानं सरकार पडत नाही."

मी शेजारी बसून काही दिवस त्यांच्याबरोबर त्या बातम्या बघितल्या. माझं प्रामाणिक मत असं की त्यात बातम्या नसतातच. एका हॉटेलचं फाटक असतं. फाटकातून एक पांढरी गाडी आत जाते. तीच गाडी पुन्हा आत जाते. मग 'सूत्रांची माहिती' येते आणि गाडी तिसऱ्यांदा आत जाते. नाना मात्र प्रत्येक वेळी पुढे सरकून बसायचे, या वेळी ती बाहेर येईल म्हणून. घडून गेलेल्या गोष्टीचा त्रास त्यांना फारसा होत नाही. शिव्या घालतात आणि जेवतात. त्यांना पिळून काढतं ते 'आता काहीही होऊ शकतं'. आणि ते वाक्य वाहिन्यांना रोज, चोवीस तास, फुकट पुरतं.

मग सासूबाईंनी घरगुती आचारसंहिता जाहीर केली. जेवणाच्या टेबलावर राजकारण बंद. खऱ्या निवडणुकीत मतदान संपण्याआधी ४८ तास प्रचार थांबतो, आमच्याकडे पानं वाढल्यापासून हात धुवेपर्यंत. निवडणूक आयोग त्या स्वतः, आणि शिक्षा म्हणजे दुसऱ्या दिवशी दुधीभोपळा.

पहिल्याच दिवशी यांनी सहज विचारलं, "घड्याळ बंद पडलंय का?"

नाना म्हणाले, "न्यायप्रविष्ट आहे."

झालं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजित पवारांच्या पक्षाला सांगितलं होतं की घड्याळ वापरा, पण हे चिन्ह न्यायप्रविष्ट आहे असं पेपरात छापा. तेव्हापासून आमच्या भिंतीवरचं घड्याळही नुसतं घड्याळ राहिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, दुधी. नाना म्हणाले, मी वेळेबद्दल बोललो. अपील फेटाळलं गेलं. पण नियमाची खरी अडचण मला तेव्हा कळली: महाराष्ट्रात राजकारण टाळून बोलायला वस्तूच शिल्लक नाहीत. लाईट गेली म्हणून मशाल म्हणावं तर पंचाईत, लग्नात तुतारी वाजली तर पंचाईत, रेल्वेचं इंजिन, शिट्टी, कमळ, हात सगळं गेलेलं. मी "कुकरची शिट्टी झाली का बघा" म्हणाले, तर यांनी वर बघून विचारलं, "अपक्ष का?"

त्यात आमचा जिल्हा सातारा. लोकसभेला ७ मे २०२४ ला मतदान झालं. एक चिन्ह शरद पवारांच्या पक्षाचं, 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि एका अपक्षाचं नुसतंच वाद्य, ज्याला सगळे पिपाणी म्हणायचे. ४ जूनला निकाल लागला: जिंकलेल्या उमेदवाराचं मताधिक्य ३२ हजारांच्या घरात आणि पिपाणीला मतं ३७ हजार. जिंकलेल्यांनी गुलाल उधळला, हरलेल्या तुतारीवाल्यांनी कपाळाला हात लावला. नानांनी दोन्ही चित्रं वहीत काढली आणि घरातल्या प्रत्येकाचा चष्मा काढून हातभर अंतरावरून विचारायला सुरुवात केली. सासूबाई न बघताच म्हणाल्या, "एकात माणूस आहे, एक नुसतं नळकांडं. ज्याला दिसत नाही त्यानं मटारसुद्धा निवडू नयेत."

त्या पावसाळ्यात नाना रात्री दोनला उठून मोबाईल बघायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी टेली मानसचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात, मन मोकळं करा. नाना नंबर डायरीत उतरवत म्हणाले, "हे कोणत्या सरकारनं सुरू केलं?" डॉक्टर म्हणाले, केंद्राची योजना आहे, २०२२ ची. "२०२२ च्या जूनआधी का नंतर?" डॉक्टरांनी शोधून ऑक्टोबर सांगितलं. नानांनी मान हलवली. फोन त्यांनी केला की नाही माहीत नाही, पण एका रात्री ओसरीवरून बराच वेळ त्यांचा आवाज येत होता. समोरचा माणूस कोण होता कोण जाणे, फार सोशिक असावा, कारण मला 'गटनेता' हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आला.

शेवटी गुण आला तो रेडिओने. सासूबाईंनी माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढून पुसला आणि सांगितलं, सकाळच्या आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, दहा मिनिटं, बास. तिथे कुणी ओरडत नाही, फाटक दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे ते संपतं. नानांनी पहिले काही दिवस बातम्या संपल्यावर रेडिओ हलवून बघितला. मग सवय झाली. मोबाईल रात्री देवघरात राहायला लागला. औषधाची गोळी अर्ध्यावर आली.

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल होता. तारीख बघून मला धडकी भरली होती, पण भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, सगळं एवढं स्वच्छ की नाना दुपारी झोपले. मुख्यमंत्री मात्र ठरेना. दिवसामागून दिवस जायला लागले. टीव्हीने त्यावर काय काय दाखवलं असेल, देव जाणे. आमच्या रेडिओने रोज सकाळी एका वाक्यात 'अद्याप निर्णय नाही' असं सांगितलं आणि पुढे कोयनेचा पाणीसाठा दिला. मी मनातल्या मनात आकाशवाणीला ओवाळलं.

तेवढ्यात भावजींचा फोन आला. शिंदे मुंबईची बैठक सोडून निघाले होते आणि आपल्या गावी, दरे इथे पोचले होते. दरे आमच्याच जिल्ह्यात, तापोळ्याच्या बाजूला, कोयनेच्या पाण्याकाठी. वाहिन्यांच्या गाड्या तिकडे घाटाला लागल्या होत्या.

नाना काही बोलले नाहीत. संध्याकाळी टोपी झटकून म्हणाले, "डॉक्टर म्हणत होते, मोकळ्या हवेत जात जा. उद्या जरा तापोळ्याला जाऊन येतो. तळं बघितलं की मन शांत होतं म्हणतात."

"एकटेच?" सासूबाईंनी विचारलं.

"एसटीतला जुना दोस्त आहे तिकडं. त्याच्या घरापासनं हेलिपॅड दिसतं, म्हणजे... तळं दिसतं."

सासूबाईंनी पिशवीत स्वेटर घातला, गोळ्यांची पट्टी घातली, थोडा विचार केला आणि माळ्यावरून दुर्बीणही काढून दिली.