पंधरा मिनिटं व्हायचीत, मामा

काल रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो. हॉलमध्ये टीव्हीवर गेम चालू, त्यातला गडी भिंतीकडे तोंड करून उभा. कंट्रोलर सोफ्यावर आणि आमचा भाचा मोबाईलवर रील्स बघतोय. म्हटलं, "खेळत नाहीस तर बंद कर की रे." तर म्हणे, "पंधरा मिनिटं व्हायचीत, मामा. पॉइंट मिळतात." गेमचं नाव विचारलं, तेही त्याला स्क्रीनवर बघून सांगावं लागलं!

गेमचं सबस्क्रिप्शन विकणाऱ्या कंपनीच्या हिशोबात मात्र हा त्या गेमचा खेळाडू. लोक किती गुंतून राहतात, त्याला एंगेजमेंट म्हणतात. ती अशीही भरते.

महिन्याचे पैसे भरा आणि हवे तेवढे गेम खेळा, हे गेम सबस्क्रिप्शन म्हणजे आपली मिसळ, असं मला आधी वाटायचं. नाशिकच्या गंगापूर रोडला रविवारी सकाळी प्लेटचे पैसे द्या, रस्सा हवा तेवढा घ्या. तिथे कमी खाणारं गिऱ्हाईक मालकाला परवडतं. इथे उलटं आहे. महिनाभर कंट्रोलरला हात लावला नाही की माणूस ऑटोपे बंद करतो. म्हणून आपण सारखी वाटी पुढे करत राहावं, ही मालकाचीच गरज.

मायक्रोसॉफ्टने 2015 मध्येच आपले एक्सबॉक्स (गेम खेळायचं यंत्र) किती विकले हे सांगणं सोडलं आणि किती लोक खेळतात हा आकडा पुढे केला. त्यांचं सबस्क्रिप्शन, म्हणजे गेम पास, आला तो त्यानंतर, 2017 ला. ॲपलने आर्केड या आपल्या सबस्क्रिप्शनसाठीच्या काही गेमचे करार रद्द केल्याची बातमी ब्लूमबर्गने 2020 मध्ये दिली होती. कारण काय, तर लोकांना धरून ठेवणारे गेम हवेत.

मग छोट्या गेमनी जायचं कुठे? 'हाय-फाय रश' आठवतोय? जानेवारी 2023 मध्ये ज्या दिवशी जाहीर झाला त्याच दिवशी गेम पासवर आला. गाण्याच्या ठेक्यावर मारामारी, दहा-बारा तासांत खेळ खलास. लोकांनी डोक्यावर घेतला. मे 2024 मध्ये तो बनवणारा आपलाच टँगो गेमवर्क्स स्टुडिओ बंद करत असल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. (नंतर क्राफ्टन या दुसऱ्या गेम कंपनीने तो घेतला, हे नशीब.) गेम लवकर संपतो म्हणूनच स्टुडिओ बंद केला, असं मी म्हणणार नाही. पण एवढं कौतुक होऊनही मायक्रोसॉफ्टने तो ठेवला नाही, हे खरं.

सबस्क्रिप्शन वाईट नाही हो. पाच-पाच हजारांचे गेम विकत घेणं मला झेपलं नसतं आणि कितीतरी चिमुकले गेम मी केवळ त्यामुळे खेळलो. पण रोज हजेरी, क्वेस्ट (पॉइंटसाठी नेमून दिलेली कामं), सीझन, "आज नाही आलात तर बक्षीस गेलं" हे सुरू झालं की अंबडच्या कंपनीतलं पंचिंग आठवतं. तिथे निदान पगार मिळतो!

मी आता एक महिना घेतो, एखादा गेम संपवतो आणि बंद करतो. परवा रद्द करताना तीनदा विचारलं, नक्की ना? पावाचा इतका आग्रह मिसळवाल्यानेही कधी केला नव्हता.