१० बाइट का पुरत नाहीत : धुळ्याच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. सी भाषेत संख्येची स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) करताना किती जागा घ्यावी, यावर तुमचं म्हणणं असं: इंट या पूर्णांकाच्या प्रकारात जास्तीत जास्त १० अंक, म्हणून १० चा कॅरेक्टर अ‍ॅरे पुरतो, कॉलेजात इतकी वर्षं आयटोआ (इंटची स्ट्रिंग करणारं फंक्शन) शिकवतोय, कधी बिघडलं नाही, आणि फारच काळजी असेल तर लॉगने (लॉगरिदमने) अंक मोजून मॅलॉक करावं, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना तेवढी जागा मागावी.

बिघडलं नाही हे खरंच असणार. लॅबमधल्या टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये इंट १६ बिटांचा असतो. सगळ्यात लांब किंमत -३२७६८, म्हणजे ६ अक्षरं आणि शेवटचा नल (स्ट्रिंग संपल्याची खूण), ७ बाइट. तिथे १० पुरून उरतात. पण पोरगं घरी लॅपटॉपवर जीसीसी हा कंपायलर लावतं, तिथे इंट ३२ बिटांचा: -२१४७४८३६४८. अंक १०, उणे १, नल १. झाले १२. लिनक्सवर तर आयटोआ लिंकच होत नाही. मानक लायब्ररीत तो नाहीच.

एवढे मोठे आकडे येतात कुठे, असंही विचारलंत. आपल्याकडेच येतात. बोदवडच्या एखाद्या कापसाच्या जिनिंगचा हिशेब पैशांत ठेवा (आणि तो पैशांतच ठेवावा, फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशाच्या प्रकारात नको). १ कोटी रुपये झाले की १० अंक. खातं नावे निघालं की पुढे उणे. १० च्या अ‍ॅरेत स्प्रिंटएफ (स्ट्रिंगमध्ये लिहिणारं मानक फंक्शन) २ बाइट हद्दीबाहेर लिहितो आणि चकार शब्द काढत नाही. शेजारी रिकामी जागा असली तर अख्खा सीझन निघून जातो. पुढे कंपायलर बदलला की भलत्याच व्हेरिएबलची किंमत बिघडते, आणि शोधणारा तिसरीकडेच शोधत बसतो. हिशेब २ कोटी १४ लाखांपुढे गेला तर इंटच संपतो. मग ६४ बिटांचा लाँग लाँग, आणि २१ बाइट.

लॉगचा मार्ग मला पटत नाही. शून्याचा लॉग निघत नाही, उणे संख्येचाही नाही. आणि सगळ्यात लहान इंटचं चिन्ह काढायला गेलं तर उत्तर इंटमध्ये मावत नाही. त्यापेक्षा साइझऑफ इंट (इंट किती बाइटांचा ते) गुणिले ३ अधिक २ एवढा अ‍ॅरे घ्यावा. ८ बिटांच्या एका बाइटमागे ३ पेक्षा जास्त अंक लागत नाहीत, वरचे २ उणे आणि नलसाठी. टाइप बदलला की माप आपोआप बदलतं.

मॅलॉक लागतं ते स्ट्रिंग फंक्शनबाहेर द्यायची असेल तेव्हा. सीच्या १९९९ च्या मानकापासून एसएनप्रिंटएफला (स्प्रिंटएफचाच भाऊ, पण लांबीची मर्यादा घेणारा) नल पॉइंटर (कुठलीच जागा न दाखवणारा) आणि लांबी ० दिली की तो लागणारी अक्षरं सांगतो. त्यात १ मिळवून जागा मागायची. अ‍ॅरे ठरावीक असेल तर परत आलेली लांबी अ‍ॅरेएवढी किंवा जास्त आहे का, ते पाहायचं. तसं असेल तर मजकूर कापला गेलाय. ही तपासणी पोरांच्या जर्नलमध्ये पहिल्या प्रॅक्टिकलपासून यावी, एवढी विनंती.