तळं 'उलटलं' म्हणून बास मासा विषारी होत नाही

न्यू जर्सीतल्या आपल्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: नोव्हेंबरात लहान तळी उलटतात, तळातलं विष वर येतं, बास मासा खाऊ नका.

तळं उलटतं हे खरं. थंडीने वरचं पाणी जड होऊन खाली जातं, सगळं ढवळून निघतं. काही दिवस पाणी गढूळ, वर काळ्या पाल्याचे तुकडे, सडक्या अंड्यांचा वास. तो कुजलेल्या पाल्यातला वायू. त्याने मासा विषारी होत नाही. उलट प्राणवायू तळापर्यंत पोचतो. बास फक्त मंदावतो, गळ सावकाश ओढावा लागतो.

खरी काळजी माशात साठणाऱ्या पाऱ्याची, म्हणजे त्या विषारी धातूची, आणि ती बारमाही. मासा किती खावा याच्या मर्यादा राज्याचं पर्यावरण खातं जाहीर करतं. गर्भवती आणि मुलांसाठी त्या जास्त कडक असतात. कृपया तो मेसेज थांबवा, त्या मर्यादा पुढे पाठवा.