बसत नाही तर बसवू नका!

आज चौथा दिवस. आमच्या जीपच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये वॉटर पंपाचा बोल्ट तुटून बसला आहे आणि मी रोज संध्याकाळी कोठ्यात उकिडवा बसून तो कोरतो आहे. वर टिना, त्यात मे महिना, रात्री आठ वाजतासुद्धा भिंतीला हात लावता येत नाही. लाईन दोनदा तरी जातेच. पण माझा राग उन्हावरही नाही आणि लाईनवरही नाही. ज्यानं हा बोल्ट या भोकात घातला त्याच्यावर आहे. आणि त्याच्या एकट्यावर नाही, "बसते ना भाऊ, बसवून देतो" म्हणणाऱ्या झाडून सगळ्यांवर आहे.

गाडी 1968 ची, हाय बॉनेट, सीजे-3बी मॉडेल. या गाडीत नट-बोल्ट सगळे इंची. मुळात अमेरिकेतल्या विलीज कंपनीची गाडी, तिथे मिलिमीटरचा संबंधच नाही. आपल्याकडे मेट्रिक मापं 1958 पासून लागू होत गेली, तरी जीप पुढे कित्येक वर्षं इंचातच बनत राहिली. म्हणून जुने मिस्त्री सुतात बोलायचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुताचा पाना, साडेचार सुताचा पाना, अडीच सुताचा बोल्ट. न शिकलेल्या मिस्त्रीलाही हे पाठ होतं. आज तालुक्याच्या गॅरेजात "चार सुताचा दे" म्हटलं की पोट्टा माझ्या तोंडाकडे पाहतो आणि 13 चा पाना आणून देतो. चार सूत म्हणजे 12.7 एमएम. तेरानंबरी पाना त्यावर ढिला बसतो, घसरतो, मुंडीचे कोपरे गोल होतात, आणि मग लेकाचे छन्नी-हातोडा काढतात!

बोल्टाचंही तेच. माझा बोल्ट अडीच सुताचा, म्हणजे 5/16 इंच, म्हणजे 7.94 एमएम. बाजारात सर्रास मिळतो तो 8 एमएमचा. चिमटीत धरला तर बापाला फरक कळणार नाही. पण आटे, म्हणजे बोल्टावरचे पेच? ब्लॉकच्या भोकात इंचाला 18 आटे आहेत आणि 8 एमएमच्या साध्या बोल्टाला साधारण 20. पहिले दोन-तीन आटे सरळ जातात, मग बोल्ट जड लागतो. तिथेच हात थांबायला पाहिजे. तिथे हे लोक पान्याला पाइप लावतात! भोकातले बिडाचे आटे पिठासारखे होतात, बोल्ट तिरपा रुततो, वरून पाणी झिरपून गंज चढतो आणि वीस वर्षांनी माझ्यासारखा कोणी हलक्या हातानं फिरवायला गेला की मुंडी हातात येते. असे आतापर्यंत 11 निघाले. अकरा! एकाही बोल्टाची किंमत तेव्हा दोन-चार रुपयांच्या वर नसेल.

चाकाचं ऐका. या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. मुद्दाम दिलेले असतात, चाक फिरता फिरता नट सैल होऊ नये म्हणून. मागच्या बाजारच्या दिवशी टायर पंक्चर झालं. मी पंक्चरवाल्याला आधीच सांगितलं, "डावीकडचे नट उलटे खुलते, उजवीकडे फिरव." तो म्हणाला, "पंधरा वर्सं झाले भाऊ, हेच करून रायलो." मी रस्त्यापलीकडे पाणी प्यायला गेलो. दोन मिनिटांत परत येतो तर हा चार फुटी पाइपावर उभा! नट ज्यावर बसतात त्या पाचापैकी तीन स्टड तुटले. वरून मलाच म्हणतो, "सडले होते भाऊ." सडले नव्हते. तू घट्ट करत होतास, तुटेपर्यंत घट्ट करत होतास!

आणि मग ते सल्ले. गावात जो येतो तो कोठ्यात डोकावतो. "काऊन एवढा जीव देऊन रायला? पेट्रोल इंजिन फेक, डिझेल टाक, अ‍ॅव्हरेज भेटते." अरे, या गाडीचं बॉनेट उंच का आहे, माहीत आहे? आतलं हरिकेन इंजिन उंच आहे म्हणून. हवा-पेट्रोल आत घेणारा इन्टेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि त्याच्यासाठी बॉनेट वर उचलावं लागलं. तेच इंजिन भंगारात घातलं तर उरलं काय? शिवाय 2021 साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "कोन पाह्यते इथं?"

स्पेअर पार्टचा वैताग तर वेगळाच. दुकानदार फोनवर म्हणतो ओरिजिनल आहे, डोळे झाकून घ्या. मी येण्या-जाण्याचे दोनशे किलोमीटर मोजून जातो, डबा उघडतो, ऑइल सील घेऊन घरी येतो, आणि सील हौसिंगमध्ये लटपटतं. परत फोन केला तर उत्तर ठरलेलं, "थोडं सिलिकॉन लावा ना, बसून जाईल." पुन्हा तेच! बसून जाईल!

ही गाडी बाबांची आहे. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती अशी होते की बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतते. बाबा फोर बाय फोर लो, म्हणजे चारी चाकं ओढतील असा हळू पण जोराचा गिअर टाकायचे आणि वावरातून माणसं बाहेर काढायचे. रात्री-अपरात्री अडलेल्या बाया याच गाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात पोचल्या आहेत. बाबांनी सुताच्या पान्यांचा सेट तेलाच्या फडक्यात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवला होता. एकदा गॅरेजवाल्याला वापरायला दिला, तो कधी परत आला नाही. बाबा गेले, मग गाडी अशाच हातांत फिरली. आज जो बोल्ट खोलतो त्याच्या आत मला कोणाचा तरी आळस सापडतो.

आज दुपारी लेथवाल्याकडे 5/16 चा, इंचाला 18 आट्यांचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मागायला गेलो. म्हटलं, बोल्ट निघाला की भोकातले आटे साफ करून घेऊ. त्यानं ड्रॉवरमधून 8 चा टॅप काढून हातात दिला. "एमएमच करून टाक ना भाऊ. पंपाच्या मागं जाते ते. कोनाले दिसते?"

"मले दिसते!" मी एवढ्या जोरात ओरडलो की मशीनवरच्या पोट्ट्यानं लेथ बंद केली. टॅप त्याच्या टेबलावर ठेवून परत आलो. पाहिजे तो टॅप बाहेरून मागवला आहे, आठ दिवस लागतील. तोवर पंप खाली राहील.